कडक स्प्रिंगा

१२ जानेवारी

भावजी,

नमस्कार. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी इतकी ओरडले की माझं म्हणणं शेजारच्या तिन्ही घरांना कळलं, तुम्हाला तेवढं नाही. जन्मभर गाड्यांखाली डोकं घालून हातोडे हाणलेत, कान जायचेच. म्हणून हे पत्र. वाचून चष्मा हरवला असं कारण सांगू नका, तो तुमच्या डोक्यावर असतो.

तुमचे दादा जाऊन पाच महिने होतील. लोक विचारतात, कशा आहात, मी म्हणते, पडदे शिवते आहे. दुसरं काय सांगणार? दुकान चालू आहे. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापडाचे गठ्ठे न्यायचे, दांड्या न्यायच्या, म्हणजे गाडी हवीच. आणि गाडी म्हणजे ह्यांची ती निळी. रस्त्यात काडेपेटी पडलेली असली तरी माझ्या मणक्याला कळते. परवा एका बंगल्यात मापं घ्यायला गेले, तर उतरल्यावर दोन मिनिटं दाराला धरून उभी. त्या बाईंना वाटलं मला चक्कर आली.

पूर्वी अशी नव्हती ती. सात वर्षांपूर्वी तुम्ही सुट्टीला म्हणून आलात आणि दोघे भाऊ आठवडाभर तिच्याखाली झोपलात. बाहेर आलात ते कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे, आणि गाडी अशी कडक की बैलगाडी परवडली. मी विचारलं, हे काय करून ठेवलंत? तर हे म्हणाले, मऊ गाडीत झोप येते. तुम्ही हात पुसत होतात, तुम्ही काहीच बोलला नाहीत. एरवी तुमचं तोंड बंद असतं का कधी?

जावईबापू म्हणतात, विकून टाका, एखादी छोटी नवी घेऊ. लेकीचंही तेच. मी म्हटलं, भावजींना विचारते. तुमच्या भावाची गाडी आहे, आणि बिघडवलीतही तुम्हीच. काय करू ते कळवा.

तुमची,
वहिनी

२० जानेवारी

वहिनी,

साष्टांग नमस्कार. तो घालायला आता कंबर वाकत नाही, पण पत्रात घालायला काय जातं?

गाडी विकू नका. हे पहिलं वाक्य, हेच शेवटचं, मधलं नुसतं भरताड आहे. दादाचे कपडे तुम्ही देऊन टाकलेत, बरोबर केलंत. त्याची पुस्तकं लेकीने नेली. माझ्याकडे त्याचं काय आहे? एक स्वेटर, तोही मला पोटावर बसत नाही. गाडी तुमच्या दारात उभी आहे म्हटलं की मला इथे दूर बसून बरं वाटतं. जावईबापूंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, उंटावरून शेळ्या हाकू नका.

आता तुमच्या मणक्याचं. गाडीतलं सुख दोन गोष्टींवर असतं. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का गिळते. शॉकअप त्या स्प्रिंगला आवर घालतो, नाहीतर ती नाचतच राहील. तुमच्या गाडीच्या स्प्रिंगा कडक. त्या धक्का गिळत नाहीत, आला तसा वर पाठवतात. आणि शॉकअप एव्हाना म्हातारे झाले असणार. म्हणजे आधी धक्का आणि मग हेलकावा, बसणाऱ्याला दोन्हीकडून मार.

एक करा. पुढच्या बोनेटवर दोन्ही हात टेकून सगळा भार टाका आणि एकदम सोडा. गाडी एकदा खाली, एकदा वर जाऊन गप्प झाली तर शॉकअप जिवंत आहेत. डुलत राहिली तर ते गेले समजा. काय होतं ते मला कळवा, बाकीचं मी बघतो. गाडी अशी करून देतो की तुम्हाला पाळण्यात बसल्यासारखं वाटेल.

झोप येते म्हणून कडक केली, हे दादाचं म्हणणं. त्याच्या म्हणण्यापुढे कोणाचं चाललंय?

तुमचा,
धाकटा दीर

२ फेब्रुवारी

भावजी,

तुमचा प्रयोग केला. रविवारी सकाळी बाहेर जाऊन बोनेटवर पडले. समोरचे निवृत्त मॅनेजर धावत आले, "वहिनी, बंद पडली का? ढकलू का?" त्यांना काय सांगणार, दिराने दूरवरून गाडीची नाडी बघायला सांगितलं आहे म्हणून? म्हटलं, पुसते आहे. मग ते जाईपर्यंत खरंच पुसत बसले.

गाडी डुलली. चांगली तीन-चारदा. तेव्हा तुमचे शॉकअप गेले.

मागे बसलात तर आणखी मजा आहे. परवा लेक बसली होती, म्हणाली, आई, तू ह्यात रोज कशी बसतेस? मी म्हटलं, तुझ्या बाबांना विचार. आणि मग लक्षात आलं, आता विचारणार कोणाला?

तुम्ही म्हणता तसं काही करायचं असेल तर बघू सावकाश. घाई नाही. सात वर्षं छळलं आहे, आणखी थोडं छळेल. आणि विकायचंही तूर्त राहू दे, तुम्ही एवढं म्हणता आहात तर.

लेकीच्या पायाचं हाड मोडलंय, जिन्यावरून घसरली. काळजीचं नाही, पण नातवंडांना बघायला कोणी हवं, म्हणून मी महिनाभर तिच्याकडे जाते आहे. दुकानाची आणि गाडीची किल्ली समोरच्या मॅनेजरांकडे ठेवली आहे. पत्र लेकीच्या पत्त्यावर टाका, किंवा नका टाकू, मी आल्यावर वाचेन.

वहिनी

६ मार्च

वहिनी,

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकतो आहे, म्हणजे आल्या आल्या हातात पडेल. घरात जाऊ नका. आधी गाडीत बसा आणि एक चक्कर मारून या. मग पुढचं वाचा.

आलात? आता सांगतो. तुमच्या गावात माझा एक जुना चेला आहे, आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, मिशा पांढऱ्या झाल्यात. आम्ही त्याला सायलेन्सर म्हणतो, कारण तो जन्मात कधी गप्प बसलेला नाही. मी इथून सामान पाठवलं, त्याने मॅनेजरांकडून किल्ली घेतली आणि गाडी नेऊन सगळं केलं. चारही स्प्रिंगा नव्या. मागच्या मी मुद्दाम निवडून घेतल्या, तुमचे कापडाचे गठ्ठे असतात ना म्हणून. रिकाम्या गाडीत मऊ राहतात आणि ओझं पडेल तशा घट्ट होतात. शॉकअप गॅसचे. सगळे रबरी बुश बदलले, कारण जुने दगड झाले होते, अर्धा खडखडाट त्यांचाच असतो. चाकांचं अलाइनमेंट केलं, हवा थोडी उतरवली. सायलेन्सर म्हणतो, पुलावरून नेली तर पूल गेल्याचं कळत नाही.

तुम्ही "सावकाश बघू" म्हणालात तेव्हाच मी ओळखलं, दिराला त्रास नको म्हणून म्हणता आहात. तुम्हाला मी आज ओळखतो का? स्वतःसाठी काही मागायचं म्हणजे तुमच्या जिवावर येतं. म्हणून न विचारता केलं.

जुना माल त्याने भंगारात घातला. तो बघून पुन्हा पाठ दुखायला नको.

आता मात्र विकायचं नाव काढायचं नाही. कशी वाटली ते लगेच कळवा. मी वाट बघतोय.

तुमचा,
दीर

१५ मार्च

भावजी,

पत्र मिळालं. गाडी उत्तम झाली आहे. अजिबात धक्का बसत नाही. तुम्ही एवढा खटाटोप केलात, मी आपली आभारी आहे.

लेकीचा पाय बरा होतो आहे.

आपली,
वहिनी

४ मे

वहिनी,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पोस्टकार्डाएवढं पत्र, त्यात वाचायचं काय? पण "आपली आभारी" वाचून मी अक्षर पुन्हा बघितलं, तुमचंच ना म्हणून. तीस वर्षांत तुम्ही मला आभारी कधी म्हटलेलं नाही. माझ्या लग्नात मी तुम्हाला साडी दिली तेव्हाही तुम्ही "रंग कोणी निवडला, आंधळ्याने?" असं म्हणाला होतात, आणि मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

मी इतके दिवस गप्प होतो, म्हटलं कामात असाल. पण परवा सायलेन्सरचं पत्र आलं. म्हणतो, वहिनींची गाडी आच्छादनाखाली उभी आहे, चाकांवर धूळ. आणि तुम्हाला त्याने रिक्षात बघितलं, मांडीवर कापडाचा गठ्ठा आणि बाहेर तीन दांड्या निघालेल्या. त्याला वाटतं त्याच्या कामात खोट राहिली. त्या बिचाऱ्याला झोप नाही.

तेव्हा सरळ सांगा. वळताना एका बाजूला झुकते का? मऊ स्प्रिंगांवर थोडी झुकतेच, दोन दिवसांत सवय होते. ब्रेक दाबला की नाक खाली घालते का? मागून किरकिर येते का? पोटात ढवळतं का? काही लोकांना फार मऊ गाडी लागते, तसं असेल तर शॉकअप थोडे घट्ट करता येतात, आवळायचा स्क्रू बाहेरूनच आहे. जे असेल ते दुरुस्त होतं, वहिनी. दुरुस्त होत नाही असं गाडीत काही नसतं.

का जावईबापूंनी पुन्हा विकायचं काढलं आहे? तसं असेल तर मला आधी कळवा, मी येतो.

दीर

१९ मे

भावजी,

सायलेन्सरला सांगा, त्याच्या कामात सुईच्या टोकाएवढीही खोट नाही. झुकत नाही, किरकिरत नाही, ढवळत नाही. खोट असती तर बरं झालं असतं.

तुमचं ते मार्चचं पत्र हातात पडलं त्या दिवशी तुम्ही सांगितलंत तसंच केलं. सामान दारात ठेवलं आणि गाडी काढली. नाक्यावरून वळले, बाजारातून गेले, पुलावरून गेले, आणि पलीकडे पोचल्यावर लक्षात आलं की पूल गेला. मी गाडी कडेला घेतली आणि तिथेच बसून राहिले. मागचे हॉर्न वाजवत होते.

तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते. तुम्ही त्या स्प्रिंगा घालून गेलात, मी गाडी शिकले, त्यानंतर ह्यांनी एक खेळ काढला होता. पुढे तर तो रोजचाच झाला. मी चालवायची, हे शेजारी बसायचे डोळे मिटून, आणि कुठे आलो ते सांगायचे. मी मुद्दाम भलत्याच गल्लीत घालायची, तरी बरोबर. पाण्याच्या खात्यात हयात गेली, गावातला प्रत्येक रस्ता त्यांनी कधी ना कधी खणून पाइप टाकून बुजवलेला. "हा माझा खड्डा," म्हणायचे. "हा आधीच्या साहेबाचा, बघ कसा वाईट बुजवलाय." पुलाचे दोन सांधे यायचे, धप्, धप्, की म्हणायचे, "आली नदी, पाय वर घे." मी म्हणायची, पाय कसले वर घ्यायचे, माझी हाडं मोजून द्या आधी. मग हसायचे. तुमच्या भावाचं हसणं तुम्हाला माहीत आहे, खांदे हलायचे फक्त.

ते गेल्यावर मी एकटी त्या गाडीत बसायची आणि पुलाचे सांधे आले की पाठीत धप् धप् व्हायचं. मला ऐकू आल्यासारखं व्हायचं. दिवसातून तेवढं एक. म्हणून मी तुम्हाला कुरकुरीची पत्रं लिहिली, भावजी. त्यांच्याजवळ करायची ती कुरकुर कोणाजवळ करायची? तुमच्याजवळ केली. तुम्ही ती खरी धरलीत. मी सावकाश बघू म्हटलं तेव्हा मला खरंच सावकाश म्हणायचं होतं, म्हणजे कधीच नाही.

आता सगळे रस्ते सारखे झालेत. तुमची चूक नाही, माझ्या पाठीचं तुम्ही बघितलंत. पण मला त्या गाडीत बसवत नाही.

शेवटच्या वर्षी ते चुकायला लागले होते. बाजाराला पूल म्हणायचे. एकदा आमची स्वतःची गल्ली ओळखली नाही. मला वाटायचं, मला जिंकू देतात, आजारपणातही लाड. मी टाळी वाजवून म्हणायची, "हरलात! आता चहा तुम्ही करा." आणि ते करायचे, भिंतीला धरून धरून. तेव्हा नसांचा आजार आहे हे कळून चुकलं होतं आम्हाला, पण हातपाय अजून चालत होते.

मला एक सांगा. ती इतकी कडक का केली होती? झोपेचं कारण मला कधी पटलं नाही. मला त्रास होतो आहे हे त्यांना दिसत होतं. माझ्यासाठी उशीची उंचीसुद्धा बदलणारा माणूस, त्यांनी गाडी तेवढी का नाही बदलली? तुम्ही तेव्हा हात पुसत होतात. तुम्हाला माहीत असणार.

वहिनी

११ जुलै

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. लिहायचो, फाडायचो. बायको म्हणाली, आता एक तर लिहा नाहीतर वही तरी राहू द्या.

दादाने मला शपथ घातली होती. तो गेला, शपथ तशीच राहिली. ती मी आज मोडतो आहे. मोडून बरं करतो आहे की वाईट, मला कळत नाही. पण तुम्ही विचारलंत, आणि तुमच्याशी खोटं बोलायला लेखणी चालत नाही.

दादाला तुम्हाला कळायच्या कितीतरी आधी कळलं होतं. तुम्हाला दोन वर्षांचं आजारपण माहीत आहे. मी स्प्रिंगा घालायला आलो तेव्हाच त्याच्या तळपायांना काही लागत नव्हतं. तो डॉक्टरकडे एकटाच जाऊन आला होता. हे वर चढत जाणार, सावकाश, पण जाणार, असं त्याला सांगितलं होतं. सुट्टी वगैरे काही नव्हती, त्याने मला बोलावून घेतलं. म्हणाला, पेडलवर पाय आहे की नाही हे मला बघावं लागतं. पण पाठीला अजून सगळं कळतंय. गाडी अशी कर की रस्ता खालून सरळ पाठीपर्यंत आला पाहिजे, मध्ये काही गिळू नकोस. मी म्हटलं, दादा, चालवणं सोड. म्हणाला, सोडणार आहे, तिला शिकवतो आणि सोडतो. तुम्हाला आठवतं का, तुमच्या मागे लागून त्याने तुम्हाला गाडी शिकवली? तुम्ही मला तेव्हा म्हणाला होतात, ह्यांना शेजारी बसून डुलक्या काढायच्या आहेत.

मी म्हटलं, वहिनींना सांग. त्याने ऐकलं नाही. म्हणाला, सांगितलं की ती माझ्याकडे बघत बसेल. बोलणार नाही, ओरडणार नाही, नुसती बघेल. ती मला ओरडते आहे तोवर मी आजारी नाही. हे शब्द त्याचे आहेत, माझा एकही नाही.

खेळाचं मला त्याने सांगितलं नव्हतं. तुमच्या पत्रात पहिल्यांदा वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. वहिनी, मला वाटतं तो खेळत नव्हता. तो तपासत होता. डोळे मिटून बघत होता की अजून किती कळतंय, आणि आज काय गेलं. मी चूक असेन. देव करो आणि चूक असेन.

आता मला जमतं ते सांगतो. तशाच स्प्रिंगा मिळाल्या आहेत, त्याच जाडीच्या, तेवढेच वेटोळे. नव्याच आहेत, पण कडक तितक्याच. बुशही कडक घेतो. मी स्वतः घेऊन येतो आणि स्वतःच्या हाताने घालतो. पुलाचे दोन्ही सांधे तुमच्या पाठीला लागले नाहीत तर नाव बदला माझं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, तेवढं तरी निस्तरू द्या.

तुमचा,
दीर

३० ऑगस्ट

भावजी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी दुकान बंद केलं नाही. एका बाईंच्या दिवाणखान्याचे पडदे द्यायचे होते, ते शिवले. अस्तर बाहेर आणि फुलं आत. दुसऱ्या दिवशी सगळं उसवलं.

मग दिवसभर एकेक आठवत राहिलं. घरात बूट घालून फिरायचे, मी ओरडायची, फरशीवर माती येते. चपला पायातून कधी निसटल्या ते कळत नसणार. आंघोळीचं पाणी हाताने बघून मगच पाय घालायचे. मी म्हणायची, पाणी आहे, विंचू नाही त्यात. ह्यांच्या शर्टाचं बटण सैल झालेलं मला त्यांच्या आधी दिसायचं, आणि एवढं दिसलं नाही.

गेल्या आठवड्यात सायलेन्सरला बोलावलं. म्हटलं, गाडी काढ, मी शेजारी बसते, पाहिजे तिकडे ने, आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. काढलं नाही बिचाऱ्याने. मी ह्यांच्या जागेवर बसले आणि डोळे मिटले. तुम्ही केलेली गाडी फार सुंदर चालते. मी नाका म्हटलं तर तो बाजार होता. पूल म्हटलं तर शाळेसमोरचा सरळ रस्ता. पुलावर मी काहीच म्हटलं नाही. थोड्या वेळाने तर चालतो आहोत की उभे आहोत हेही मला सांगता येईना. खाली काही नव्हतंच. तेव्हा मला कळलं, शेवटी ह्यांना त्या कडक गाडीतही हे असंच होत असणार. रस्ता खालून जातो आहे आणि काही सांगत नाही. आणि शेजारून मी टाळ्या वाजवते आहे.

डोळे उघडले तर सायलेन्सर रडत होता. मला रडू आलं नाही. मला राग आला आहे.

तुमच्यावर आला आहे, आणि ह्यांच्यावर त्याहून जास्त. ती ओरडते तोवर मी आजारी नाही, असं म्हणाले ना? भावजी, मला एकदा विचारायला हवं होतं. मी ओरडत राहिले असते. सगळं कळूनसवरून ओरडले असते, त्यांना हवं तेवढं, रोज, पुलावर, फरशीवरून, कशावरूनही. मला ते जमलं असतं. मी नुसती बघत बसेन असं त्यांना का वाटलं? मी काय त्यांची पाहुणी होते? आणि "हरलात" मी कधी म्हटलं नसतं. तेवढा एक शब्द माझ्या तोंडून गेला नसता. तो त्यांनी माझ्या तोंडून जाऊ दिला आणि उठून चहा केला.

स्प्रिंगा आणू नका. धक्के परत बसतील, मला ठाऊक आहे, तुमच्या हाताला खोट नाही. पण मग पुलावर मला ह्यांचं हसणं ऐकू येणार नाही, ते काय तपासत होते तेच ऐकू येईल. गाडी राहू दे मऊ. विकत नाही. उद्यापासून पडदे तिच्यातूनच नेईन, रिक्षात गठ्ठे मांडीवर घेऊन माझे पाय जातात.

तुम्ही मात्र या. रिकाम्या हाताने या. ह्यांची मला कळायच्या आधीची ती पाच वर्षं तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे नाहीत. मी रोज त्यांच्या शेजारी होते आणि ती मला मिळाली नाहीत. मला ती हवीत. डॉक्टरकडून आले तेव्हा कुठे गेले, घरी येऊन माझ्याशी काय बोलले असतील, तुम्हाला बोलावलं तेव्हा आवाज कसा होता, गाडीखाली आठवडाभर झोपून दोघे काय बोलत होतात, मी चहा घेऊन आले की गप्प का व्हायचात, सगळं सांगा. काही गाळू नका, मला लागेल म्हणून तर मुळीच नाही.

आणि आल्यावर चपला काढायच्या आधी, दारातच, एवढं सांगा. ते रडले का?

वहिनी